पगार थांबतो, पोटगी का थांबत नाही?

दरमहा पोटगी भरणाऱ्या माणसाची नोकरी गेली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पगारच नाही, तर द्यायचे कशातून? दुसऱ्या घरात तोच प्रश्न उलट बाजूने उभा राहतो. मुलीची शाळेची फी पुढच्या आठवड्यात भरायची आहे, घरभाडे पाच तारखेला द्यायचे आहे. बापाची नोकरी गेली म्हणून या तारखा पुढे सरकत नाहीत. यात तिसरी गोष्ट मिसळते. कंपनीने माणसाला रिकाम्या हाताने काढलेले नसते. नोटिशीचा पगार, नुकसानभरपाई, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे अशी बरीचशी रक्कम एकदम खात्यात आलेली असते. ती रक्कम पोटगीच्या हिशेबात धरायची की ती त्याची स्वतःची पुंजी मानायची?

कायद्यात या प्रश्नांचे एका ओळीचे उत्तर नाही, पण उत्तराकडे जाण्याची वाट बरीच स्पष्ट आहे. ती माहीत नसल्यामुळे दोन्ही घरांचे नुकसान होते. एकीकडे थकबाकी डोंगराएवढी वाढते, दुसरीकडे मुलांचे पैसे महिनोन्महिने अडकतात.

पोटगी आणि दुधाचा रतीब

नोकरदारांची सर्वसाधारण समजूत अशी की पोटगी हा पगाराचाच एक भाग आहे. पगारातून आयकर कापला जातो तशी पोटगी जाते. पगार थांबला की तीही आपोआप थांबावी. या समजुतीतच सगळ्या घोटाळ्याचे मूळ आहे. आयकर उत्पन्नावर बसतो, म्हणून उत्पन्न थांबले की तोही थांबतो. पोटगी मात्र न्यायालयाच्या आदेशावर उभी असते. आदेश देताना न्यायालयाने पगार पाहिलेला असतो हे खरे, पण एकदा रक्कम ठरली की ती दर महिन्याला देय होत राहते.

घरोघरच्या दुधाच्या रतिबासारखेच हे आहे. घरातली माणसे पंधरा दिवस गावाला गेली आणि दूधवाल्याला सांगायचे राहिले, तर दाराशी दूध येतच राहते आणि महिनाअखेरीस बिलही पूर्ण येते. दूध प्यायलेच नाही, ही सबब चालत नाही. रतीब कमी करायचा तर आधी सांगावे लागते. पोटगीच्या बाबतीत हे सांगण्याची जागा म्हणजे आदेश देणारे न्यायालय. पत्नीला फोनवर सांगून, व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकून किंवा वकिलाकरवी नोटीस पाठवून आदेशाची रक्कम एका रुपयानेही कमी होत नाही.

ही सोय कायद्याने ठिकठिकाणी करून ठेवली आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे प्रसिद्ध कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे; १ जुलै २०२४ पासून ही नवी संहिता लागू आहे. परिस्थिती बदलल्याचे सिद्ध झाल्यास पोटगी वाढवण्याचा किंवा घटवण्याचा अधिकार पूर्वी कलम १२७ मध्ये होता, तो आता कलम १४६ मध्ये आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २५ मध्ये घटस्फोटानंतरच्या कायम पोटगीबाबत हीच तरतूद आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यातही कलम २५ नुसार आदेश बदलता येतो. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ आणखी एक पाऊल पुढे जातो. त्याच्या कलम २५ प्रमाणे, पोटगी न्यायालयाने ठरवलेली असो वा दोघांनी आपसांत करार करून ठरवलेली असो, परिस्थितीत महत्त्वाचा बदल झाला तर ती बदलता येते. गोव्यात विवाहविषयक नियम पोर्तुगीज काळातल्या नागरी संहितेतून आलेले असले, तरी नागरिक सुरक्षा संहितेची पोटगीची कलमे तिथेही लागू आहेत.

या सगळ्या कलमांत एक शब्दप्रयोग समान आहे: परिस्थितीतील बदल. नोकरी जाणे हा असा बदल ठरू शकतो. ठरतोच असे मात्र नाही, आणि का नाही ते पाहण्यासाठी न्यायालय नेमके काय मोजते हे समजून घ्यावे लागते.

न्यायालय पगार मोजत नाही, 'साधन' मोजते

कलम १४४ मध्ये 'पगार' हा शब्द नाही. पुरेसे साधन असलेली व्यक्ती पत्नीची, मुलांची किंवा आईवडिलांची उपेक्षा करत असेल, तर तिला पोटगी द्यायला लावता येते, अशी तिथली भाषा आहे. साधन हा फार रुंद शब्द आहे. घरात पाणी किती, हे नळाला आत्ता पाणी येते आहे की नाही यावरून ठरत नाही. गच्चीवरची टाकी भरलेली असू शकते, अंगणात विहीर असू शकते. पगार हा नळ. बँकेतली शिल्लक, मुदत ठेवी, शेअर, भाड्याने दिलेला फ्लॅट आणि कंपनीकडून मिळालेली एकरकमी रक्कम ही टाकी. आणि माणसाचे शिक्षण, अनुभव, धडधाकट शरीर ही विहीर. तिला आज पाणी दिसत नसले, तरी उपसले तर लागेल असे न्यायालय गृहीत धरते.

हे गृहीतक जुने आहे. धडधाकट तरुण माणूस कमावू शकतो असेच मानावे लागेल आणि तो कमावू शकत नाही हे दाखवण्याची जबाबदारी त्याच्यावर राहील, असे दिल्ली उच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तीच भूमिका घेतली. नोकरी नाही, धंदा चालत नाही या सबबी न्यायालयाने त्या वेळी मान्य केल्या नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये न्या. दिनेश माहेश्वरी आणि न्या. बेला त्रिवेदी यांच्या पीठाने तर असे सांगितले की पती शरीराने सक्षम असेल, तर त्याने प्रामाणिकपणे अंगमेहनत करूनही पत्नी आणि अल्पवयीन मुलांचा निर्वाह करायला हवा.

ही भूमिका कठोर वाटते, आणि खरोखरच नोकरी गेलेल्या माणसाला ती अन्यायाची वाटणे स्वाभाविक आहे. पण तिच्यामागे अनुभव आहे. दावा दाखल होताच पगार अचानक निम्म्यावर येणे, भावाच्या दुकानात 'बिनपगारी' बसणे, कंपनी सोडून तेच काम रोखीने करणे, हे प्रकार कुटुंब न्यायालयांना रोजचे आहेत. त्यामुळे 'नोकरी नाही' हे वाक्य ऐकताच न्यायालय सावध होते, आणि खरे बोलणाऱ्यालाही मग कागद पुढे करावे लागतात.

कंपनीने दिलेल्या रकमेत काय काय असते

नोकरी सुटताना मिळणाऱ्या सगळ्या पैशांना बोलताना 'फुल अँड फायनल' म्हणतात. आयटी क्षेत्रात 'सेव्हरन्स' हा शब्द रुळला आहे. कंपनीने काढताना दिलेली भरपाई, असा त्याचा अर्थ. पण या गाठोड्यात वेगवेगळ्या जातीचे पैसे असतात. पोटगीचा हिशेब करताना गाठोडे सोडून पाहणे भाग आहे.

पहिला भाग नोटिशीचा पगार. कंपनीला महिनाभर आधी सांगायचे नसेल, तर ती त्या महिन्याचा पगार हातावर ठेवते. हा सरळसरळ पगारच आहे, फक्त काम न करता मिळालेला.

दुसरा भाग कपातीची नुकसानभरपाई. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये सूत्र असे होते की वर्षभर अखंड सेवा झालेल्या कामगाराला कमी करताना प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही सूत्र हेच राहिले आहे. मात्र हे संरक्षण 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांनाच मिळते. व्यवस्थापकांना आणि १८,००० रुपयांहून अधिक पगाराच्या पर्यवेक्षकांना काय मिळेल, हे त्यांच्या नेमणूकपत्रावर आणि कंपनीच्या धोरणावर अवलंबून असते.

नुकसानभरपाई कशासाठी असते? पुढची नोकरी मिळेपर्यंत घर चालावे म्हणून. म्हणजे पुढच्या काही महिन्यांचा पगार आज एकदम दिलेला असतो. त्यामुळे ती पोटगीच्या हिशेबातून बाहेर ठेवण्याला फारसा आधार उरत नाही. ज्या घरखर्चासाठी ती दिली, त्या खर्चात मुलांचा खर्च येतोच. मूल दुसऱ्या छपराखाली राहते म्हणून ते त्या खर्चातून वगळले जात नाही.

तिसरा भाग ग्रॅच्युइटी. साधारणपणे पाच वर्षे सेवा झाली की शेवटच्या मूळ पगार व महागाई भत्त्याला २६ ने भागून, १५ ने गुणून, पुन्हा सेवेच्या वर्षांनी गुणायचे, हा तिचा हिशेब. कायद्याप्रमाणे कमाल मर्यादा २० लाख रुपये. चौथा भाग भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे पीएफ. हे दोन्ही मागच्या सेवेतून साठलेले पैसे आहेत, पुढच्या महिन्यांचा पगार नव्हेत. कायद्याने त्यांना जप्तीपासून संरक्षणही दिले आहे. पण इथे एक गल्लत वारंवार होते. जप्त करता येत नाही म्हणजे हिशेबात धरता येत नाही, असे नाही. पीएफ कार्यालयातल्या रकमेवर कदाचित थेट हात घालता येणार नाही, पण ज्याच्या नावावर आठ लाख रुपये जमा आहेत, त्याची ऐपत शून्य आहे असे कोणतेही न्यायालय मानणार नाही.

पेन्शनचा अनुभव याच वळणाचा आहे. पेन्शन कायदा, १८७१ नुसार सावकारांना पेन्शनवर जप्ती आणता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मात्र स्पष्ट केले की पत्नी ही काही सावकार नव्हे; तिच्या पोटगीसाठी पेन्शनला हात लावता येतो.

एक हिशेब

समजा, चाकणच्या एका कारखान्यात बारा वर्षे काम केलेला मशीन ऑपरेटर कपातीत गेला. हातात येणारा पगार ३८,००० रुपये. न्यायालयाच्या आदेशाने तो दरमहा १२,००० रुपये देतो: मुलीसाठी ७,००० आणि पत्नीसाठी ५,०००. नुकसानभरपाई आणि ग्रॅच्युइटीसाठी धरायचे त्याचे वेतन २६,००० रुपये आहे.

प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे वेतन १३,००० रुपये धरले, तर बारा वर्षांची नुकसानभरपाई १,५६,००० रुपये होते. नोटिशीचा एक महिन्याचा पगार साधारण ४०,०००. दोन्ही मिळून १,९६,००० रुपये. त्याला ३८,००० ने भागले की जेमतेम पाच महिन्यांचा पगार. ग्रॅच्युइटी वेगळी: २६,००० ला २६ ने भागून १५ ने गुणले की १५,०००, आणि बारा वर्षांचे १,८०,०००.

आता न्यायालयासमोर चित्र असे उभे राहते. ग्रॅच्युइटीला हात न लावता या माणसाकडे पाच महिने पूर्वीसारखाच पगार आहे. त्या पाच महिन्यांत पोटगी थांबवण्याचे कारण दाखवणे अवघड जाईल. सहाव्या महिन्यातही काम मिळाले नसेल, तर त्याच्या अर्जात जोर येतो. तेव्हाही ग्रॅच्युइटीचे पैसे शिल्लक आहेत, हे न्यायालय विचारात घेईलच.

असे महिन्यांत वाटून घेण्याचे सूत्र भारताच्या कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. पण एकरकमी पैशाचा अर्थ लावण्याची ही समंजस रीत आहे, आणि अर्ज करणाऱ्यानेच आपला हिशेब असा मांडला तर न्यायालयाला त्याचा प्रामाणिकपणा दिसतो. याउलट, आलेल्या पैशातून आधी गाडीचे कर्ज फेडून टाकायचे, भावाला उसने द्यायचे आणि मग 'खात्यात काही नाही' म्हणायचे, ही वाट हमखास अंगलट येते. बँकेचा उतारा सगळे सांगतो. स्वखुशीने उचललेली कर्जे आणि त्यांचे हप्ते पत्नी-मुलांच्या पोटगीच्या आधी येत नाहीत, असे न्यायालये पुन्हा पुन्हा सांगत आली आहेत.

टक्केवारीबद्दलही एक खुलासा हवा. 'पगाराच्या २५ टक्के' हा आकडा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या एका निकालातून सर्वतोमुखी झाला. त्या प्रकरणात पतीचा निव्वळ पगार ९५,५२७ रुपये होता, त्याने पुन्हा लग्न केले होते आणि नव्या संसारात मूलही होते. ते पाहून न्यायालयाने पोटगी २३,००० वरून २०,००० केली. २५ टक्के हे त्या निकालातले मार्गदर्शन आहे, सगळीकडे लावायचा नियम नाही.

> चौकट : नोकरी गेल्यावर पोटगीचे काय होते
>
> • आदेश चालू राहतो. तो फक्त न्यायालय बदलू शकते.
>
> • नोटिशीचा पगार आणि नुकसानभरपाई ही पुढच्या महिन्यांच्या पगाराची जागा घेतात.
>
> • ग्रॅच्युइटी आणि पीएफ यांना जप्तीपासून संरक्षण आहे, पण ऐपत ठरवताना ते दिसतात.
>
> • घट मिळालीच तर सर्वसाधारणपणे अर्जाच्या तारखेपासून पुढे मिळते. आधीची थकबाकी राहते.
>
> • मुलांच्या रकमेत घट मिळवणे सर्वांत कठीण.

राजीनामा की कपात?

स्वतःहून सोडलेली नोकरी आणि गेलेली नोकरी यांत न्यायालय मोठा फरक करते. पोटगी टाळण्यासाठी दिलेला राजीनामा असेल, तर जुनाच पगार धरून पोटगी चालू राहू शकते. प्रत्यक्षात मात्र कागद आणि वस्तुस्थिती यांत पुष्कळदा अंतर असते. खासगी कंपन्यांत कपातीच्या वेळी माणसाला बैठकीत बोलावतात आणि 'राजीनामा द्या, म्हणजे पुढच्या नोकरीला अडचण येणार नाही' असे सुचवतात. तो सही करतो. रिलीव्हिंग लेटरवर 'आपला राजीनामा स्वीकारण्यात येत आहे' असे छापून येते. सहा महिन्यांनी न्यायालयात तेच पत्र पुढे येते आणि समोरचे वकील विचारतात: नोकरी तर यांनी स्वतः सोडली ना?

अशा वेळी उपयोगी पडतात ते आजूबाजूचे कागद. बैठकीचे बोलावणे आलेला ईमेल, त्याच दिवशी काढलेल्या इतरांची माहिती, 'फुल अँड फायनल'च्या तक्त्यात नुकसानभरपाईचा वेगळा रकाना. स्वतःहून सोडणाऱ्याला कंपनी सहसा नुकसानभरपाई देत नाही, त्यामुळे तो एक रकाना खूप काही बोलून जातो. त्यानंतर केलेले नोकरीचे अर्ज, मुलाखतींची पत्रे, आलेले नकार हेही जपून ठेवावे लागतात. विहीर आटली आहे असे म्हणणाऱ्याने ती उपसून पाहिली होती, हे दिसायला हवे.

अर्ज कधी आणि कसा

नोकरी जाणे आणि अर्ज करणे यांतला वेळ हाच सर्वांत महागात पडणारा वेळ. पोटगी कमी करण्याचा अर्ज आदेश देणाऱ्या न्यायालयातच करायचा असतो. आदेश वांद्र्याच्या किंवा पुण्याच्या कुटुंब न्यायालयाचा असेल तर तिथे, दंडाधिकाऱ्यांचा असेल तर त्यांच्यापुढे. घट मिळाली तरी ती मागच्या महिन्यांना सहसा लागू होत नाही. मे महिन्यात नोकरी गेली आणि अर्ज डिसेंबरमध्ये केला, तर मधल्या महिन्यांची पूर्ण रक्कम डोक्यावर राहते. नव्या नोकरीच्या आशेवर अर्ज लांबणीवर टाकणे ही माणसांची सर्वांत सामान्य चूक, आणि ती सरळ माणसांकडूनच जास्त होते.

अर्जाबरोबर द्यायच्या प्रतिज्ञापत्राचा इतिहास महाराष्ट्राशी जोडलेला आहे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने एका प्रकरणात पत्नीला दरमहा १५,००० आणि मुलाला आधी ५,००० व पुढे १०,००० रुपये अंतरिम पोटगी दिली. जुन्या वर्षाच्या आयकर विवरणपत्रावरून नंतरच्या काळाची पोटगी कशी ठरवली, असा पतीचा आक्षेप होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. आर. सुभाष रेड्डी यांनी देशभरासाठी नियम घालून दिले. त्या दिवसापासून पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता, कर्जे आणि खर्च यांचे ठरावीक नमुन्यातले प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. एकापेक्षा जास्त कायद्यांखाली पोटगी मागितली असेल, तर आधीच्या रकमेचा मेळ घालायचा. आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची.

नोकरी गेलेल्याच्या दृष्टीने त्या निकालातला एक नियम फार कामाचा आहे. दावा चालू असताना कुणाची आर्थिक स्थिती बदलली, तर त्याने पुरवणी प्रतिज्ञापत्र द्यावे. म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंत गप्प बसायची गरज नाही, आणि मुभाही नाही. नुकसानभरपाई मिळाल्याचे लपवले आणि ते नंतर उघड झाले, तर खोटे प्रतिज्ञापत्र दिल्याची कारवाई होऊ शकते.

अर्जाचा निकाल लागेपर्यंत काय करायचे? जमेल तेवढी रक्कम भरत राहणे. पूर्ण १२,००० शक्य नसतील तर सात हजार, तेही रोखीने न देता बँकेतून. न्यायाधीशांसमोर दोन माणसे उभी असतात: एकाने नोकरी जाताच हात वर केले, दुसऱ्याने मुलीचे ७,००० एकदाही चुकवले नाहीत. दोघांच्या अर्जाचा मजकूर सारखा असला, तरी न्यायालयाची नजर सारखी राहत नाही.

थकले तर

पोटगी थकली की पत्नी वसुलीचा अर्ज करते; न्यायालयाच्या बोलीत दरखास्त. कलम १४४ खाली दंडाधिकारी वॉरंट काढून वसुली करू शकतात, आणि तरीही रक्कम न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीपोटी एक महिन्यापर्यंत कैदेची तरतूद आहे. तुरुंगात जाऊन आल्याने थकबाकी फिटत नाही. कैद हा वसुलीचा मार्ग आहे, फेडीचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीसच स्पष्ट केले. पोटगी घेणाऱ्यांनी मात्र एक मुदत लक्षात ठेवायला हवी. या वॉरंटसाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. 'त्याची नोकरी लागली की देईल' या भरवशावर दोन वर्षे थांबलेल्या बाईचे जुने महिने या मार्गाने हातचे जातात.

कंपनीकडे अजून अडकलेल्या पैशांवर दोन बाजूंनी पोहोचता येते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा एक तृतीयांश भागच जप्तीतून सुटतो. इतर देण्यांच्या तुलनेत ही वसुली बरीच खोल जाते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे कलम २० त्याहून थेट आहे. त्याखाली दंडाधिकारी मालकाला किंवा देणेकऱ्याला सांगू शकतात की पगारातला किंवा देय रकमेतला ठरावीक भाग परस्पर पत्नीला द्या किंवा न्यायालयात भरा. नुकसानभरपाई ही कंपनीने त्या माणसाला देणे असलेली रक्कमच असते. ती त्याच्या खात्यात जाऊन खर्च होण्याआधी अर्ज झाला, तर मुलांचे काही महिने सुरक्षित होतात.

मुलांचे आणि जोडीदाराचे

आदेशात पत्नीची आणि मुलांची रक्कम बहुधा वेगळी लिहिलेली असते, आणि घट मागताना ती वेगळीच पाहिली जाते. पत्नी सज्ञान आहे, कमावत असेल, कमावू शकत असेल, तर तिच्या रकमेबाबत न्यायालय पुनर्विचार करते. मुलांच्या बाबतीत ही सवलत जवळजवळ नाही. सहावीतल्या मुलीला बापाची नोकरी जाण्याआधीही उत्पन्न नव्हते आणि नंतरही नाही. तिची फी, रिक्षा, वह्या, दवाखाना यांतले काहीच कमी झालेले नसते. घट झालीच तर आधी जोडीदाराच्या रकमेत आणि शेवटी मुलांच्या रकमेत व्हावी, हे योग्यच आहे.

मुलांची जबाबदारी एकट्या बापाची नसते. १९५६ च्या कायद्याच्या कलम २० प्रमाणे ती आई आणि बाप दोघांचीही आहे. आई चांगल्या नोकरीत असेल, तर बापाची नोकरी गेलेल्या काळात तिचा वाटा तात्पुरता वाढू शकतो. हेच उलटेही घडते. आईची नोकरी गेली, तर तोही परिस्थितीतला बदलच. तिला पोटगी वाढवून मागता येते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ मध्ये 'पती' किंवा 'पत्नी' असा भेद नाही, उत्पन्नाचे साधन नसलेल्या कोणत्याही जोडीदाराला त्यांचा आधार घेता येतो. धर्माने हिंदू नसलेल्यांसाठी कलम १४४ खुले आहेच. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही पूर्वीच्या कलम १२५ खाली पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ च्या निकालात पुन्हा सांगितले.

परदेशात नोकरी गेली तर

अमेरिकेत असलेल्या मराठी कुटुंबांत हा प्रश्न दुप्पट तीव्र होतो, कारण एच-१बी व्हिसावर नोकरी गेली की नवी शोधायला साधारण ६० दिवसच मिळतात. तिथला अर्जाचा नियम भारतापेक्षाही कडक आहे. ब्रॅडली दुरुस्ती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९८६ च्या संघीय कायद्यामुळे, मुलांच्या पोटगीचा प्रत्येक हप्ता देय होताक्षणी पक्के देणे बनतो. मागची थकबाकी माफ करण्याचा अधिकार न्यायाधीशालाही नाही. बदल होतो तो अर्जाची सूचना समोरच्याला दिल्याच्या तारखेपासून पुढे. व्हिसा संपून भारतात परतलेल्याची तिथली पोटगी त्याच्यामागे चालूच राहते, म्हणून विमानात बसण्याआधी तिथल्या न्यायालयात अर्ज करणे गरजेचे ठरते.

नवी नोकरी लागल्यावर

न्यायालयाने नोकरी गेल्यामुळे घट दिली, तर ती बहुधा त्या परिस्थितीपुरतीच मानली जाते. काही आदेशांत मुदत घातलेली असते, काहींत 'नोकरी मिळताच कळवावे' अशी अट असते. अशी अट नसेल, तर पत्नीला वाढीसाठी त्याच कलमाखाली अर्ज करावा लागतो, कारण नवी नोकरी हाही परिस्थितीतला बदल. नवा पगार जुन्यापेक्षा कमी असेल, तर पोटगी जुन्या आकड्यावर परत जाईलच असे नाही. दोन्ही बाजूंची प्रतिज्ञापत्रे पुन्हा होतात आणि हिशेब नव्याने मांडला जातो. चाकणच्या त्या ऑपरेटरला आठव्या महिन्यात ३०,००० रुपयांची नोकरी लागली, तर मुलीचे ७,००० कायम ठेवून पत्नीच्या ५,००० वर चर्चा होईल. आणि नुकसानभरपाईचे किती पैसे अजून शिल्लक आहेत, हा प्रश्न त्या तारखेलाही विचारला जाईल.